बूच की झाकण

मार्गशीर्षातला रविवार. आईच्या तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली, बावीस रुपये. हजर माणसं तीन: बाबा, आई आणि मी. शिवाय तळमजल्यावरच्या प्रधानसाहेबांची मोटारसायकल, जी आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, स्टँडवर उभी होती. एवढं सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुढे बरेच दावे झाले. माझा धाकटा भाऊ आपल्या मुलांना सांगतो की इंजिनाखाली थाळी त्यानेच धरली होती. तो नव्हता तिथे. तो त्या वर्षी मालवणला आजोळी राहून शाळेत जात होता, आणि तो तिथे का होता याचं कारणही तेच होतं ज्यामुळे डब्यात फक्त बावीस रुपये होते.

बाबा गिरणीत पाइप फिटर होते. बॉयलरपासून खात्याखात्यात जाणाऱ्या वाफेच्या नळांचं काम त्यांच्याकडे. संप सुरू झाला तेव्हा दिवाळीपर्यंत मिटेल असं सगळेच म्हणत होते. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडच्या टोकाला राहत होतो. पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज, कड्या, बिजागऱ्या सगळं गंजायचं, आणि आई दर शनिवारी कापसाच्या बोळ्याने बिजागऱ्यांना खोबरेल लावायची. गिरणी बंद होती तरी बाबांना पहाटे पाचला जाग यायची. तेवढ्या लवकर उठून माणसाने काय करायचं? ते नळ आवळायचे. आमचा, शेजाऱ्यांचा, जिन्याखालचा, गच्चीवरच्या टाकीचा. त्या वर्षात आमच्या बिल्डिंगमधला एकही नळ गळत नव्हता. सकाळी पाणी यायचं तेव्हा सगळीकडून ते एकदम यायचं आणि एकदम बंद व्हायचं, मधली टपटप नाही. मला ती टपटप नसलेली शांतता अजून आठवते. ती रिकाम्या माणसाने केलेली शांतता होती.

बाबांच्या कामाचं एकच सूत्र होतं, सफेदा आणि सुतळी. सफेदा म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेला पांढरा घट्ट लगदा. तागाची सुतळी उकलायची, तिचे केसांसारखे धागे नळाच्या आट्यांवर गुंडाळायचे, वरून सफेदा फासायचा आणि सांधा आवळायचा. चार दिवसांत तो दगडासारखा होतो. मग त्यातून वाफ जाऊ दे नाहीतर पाणी, थेंब बाहेर येणार नाही. "परबाचो सांधो गळना नाय," असं बाबा स्वतःबद्दल बोलताना तिसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखं म्हणायचे. आता नळाला पांढऱ्या टेपचे चार वेढे मारतात आणि प्लंबर पाच मिनिटांत निघून जातो. परवा माझ्या स्वयंपाकघरात आलेल्या मुलाला मी विचारलं, सफेदा माहीत आहे का? तो म्हणाला, "रंगवायचं काम आम्ही नाय करत, मॅडम."

प्रधानसाहेब मुख्य रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात मेंटेनन्सला मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची मोटारसायकल जुनी, भारी आवाजाची. तिच्या इंजिनाच्या उजव्या अंगाला तेल झिरपायचं आणि ती उभी असायची तिथे लादीवर काळा डाग पडायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा चिठ्ठी पाठवली. शेवटी एका संध्याकाळी साहेब जिन्यात बाबांना म्हणाले, "परब, तुमचा हात चांगला आहे म्हणतात. त्या उजवीकडच्या बुचातून गळतंय बघा. बंद होतं का?"

बूच. सगळा घोळ या शब्दात होता. साहेबांनी आपण सगळे बाटलीचं बूच म्हणतो त्या अर्थाने तो वापरला. पण बाबांच्या खात्यात बूच म्हणजे बंद केलेल्या नळाचं तोंड. एखादी लाइन कापली, पुढे काही जात नाही, की तिच्या तोंडावर जे बसवायचं ते बूच, आणि ते कायमचं. बाबांनी खाली जाऊन बघितलं. इंजिनाला एक गोल चकती, मधोमध एक नट, कडेने तेल झिरपतंय. पुढे काही जाताना दिसत नव्हतं. त्यांनी नट काढला, चकती थोडी उचलून कडेला सुतळी आणि सफेदा भरला, ज्यावर तो नट बसतो त्या मधल्या स्टडच्या आट्यांवरही दोन वेढे दिले आणि आवळून टाकलं. आत काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. बुचाच्या आत काही नसतंच.

थेंब बंद झाला. साहेब खूश झाले. महिन्याभराने त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं की कारखान्यात पाइप फिटरची एक जागा आहे, फोरमन जरा कडक आहे, पण मी बोललोय. "सोमवारी सकाळी माझ्याबरोबर चला. मी त्याला म्हटलंय, इतके मेकॅनिक झाले, माझ्या गाडीचं गळणं कोणाला थांबवता आलं नाही, ते या माणसाने थांबवलं." त्या रात्री आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी इस्त्रीचे कपडे खुंटीवर लावले ते सोमवारपर्यंत तसेच राहिले; त्यांच्याजवळून जाताना आम्ही अंग चोरून जायचो.

शनिवारी दुपारी साहेब आणि त्यांच्या बाई बसने नाशिकला गेले, रविवारी संध्याकाळी परत येणार होते. बिल्डिंगच्या पुढच्या भिंतीला चुना लावायचं काम चाललं होतं, म्हणून गाडी मागे नेऊन ठेवा असं सांगत त्यांनी किल्ली बाबांकडे दिली. जाता जाता म्हणाले, "सोमवारी आपण गाडीवरूनच जाऊ, परब. वाटेत ती मेकॅनिककडे टाकतो आणि तिथून चालत जाऊ. तेल बदलायचंय आणि फिल्टर."

"फिल्टर खंय असता, साहेब?" बाबांनी विचारलं. साहेबांशी ते एरवी शुद्ध बोलायचे. त्या प्रश्नात मालवणी आली, तेव्हाच मी वर बघितलं.

"तेच की, तुम्ही बंद केलंत ते. त्याच्या आतच तर असतो. दर दोन-तीन हजार किलोमीटरला उघडावं लागतं ते झाकण."

त्यांना न्यायला आलेली रिक्षा निघून गेली. बाबा किल्ली हातात धरून उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "रजने, ह्या बूच न्हय गो. ह्या झाकण आसा."

मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. इंजिनाचं मला काही कळत नव्हतं, पण पुढे काय होणार ते ओळीने मांडता येत होतं. मेकॅनिक नटाला पाना लावणार, तो हलणार नाही. मग छिन्नी-हातोडी घेणार. इंजिनाचं ते अंग अॅल्युमिनियमचं, मऊ. चकतीची बैठक फुटली तर सगळं कव्हर बदलावं लागणार. मेकॅनिक साहेबांना विचारणार, ही कोणाची करामत? आणि साहेबांच्या शेजारी, इस्त्रीचे कपडे घालून, बाबा उभे असणार. तिथून पाच मिनिटांवर कारखाना. मी स्टेशनजवळच्या स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन कव्हरची किंमत विचारून आले. ती सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "मग उद्या उघडायलाच हवं."

रविवारी सकाळी घरात कुळथाची पिठी आणि भात होता. बिल्डिंगभर मासे तळल्याचा वास, कोणाचा तरी रेडिओ, पुढच्या भिंतीवर चुन्याच्या कुंच्याची फटफट. आम्ही मागे. बाबांनी आपली पेटी खाली आणली. तिच्यातली हत्यारं वाफेच्या नळांसाठी होती, एकेक पाइपपाना माझ्या हाताएवढा. त्या नटापुढे ते पाने म्हणजे सुई धरायला सांडशी. पाइपपान्याचे दात नटाला लागले तर त्याचे कोन जाणार, आणि कोन गेले की मग पकडायला काही राहणार नाही. बाबांनी तो लावलाच नाही. मला शेजारच्या बिल्डिंगमधल्या रिक्षावाल्या शेट्टीअण्णांकडून रिंगपाना आणायला पाठवलं. अण्णा म्हणाले, "कोणाची गाडी? प्रधानची? उसको पूछा क्या?" मी हो म्हटलं. विचारलं नव्हतं.

रिंगपाना नटावर बसला, पण किंचित सैल. बाबांनी जोर दिला तेव्हा तो कोनांवरून घसरला आणि त्यांची बोटं इंजिनाच्या पंख्यांसारख्या पात्यांवर आपटली. नटाचा एक कोन चकाकला. पितळ चकाकावं तसा. बाबांनी पाना खाली ठेवला आणि बोटं तोंडात घातली.

"जोर लावून उपयोग नाय. आतलो स्टड तुटलो तर मेलंव."

हे मला समजावून सांगावं लागलं आणि समजल्यावर मला ते समजायला नको होतं असं झालं. मधला स्टड आतून इंजिनात बसवलेला. नट आणि स्टड सफेद्याने एक झालेले. नट फिरवताना स्टडही पिळला जाणार, आणि तो आत मोडला तर बाहेरून काहीही करून निघणार नाही. म्हणजे जोर कमी लावला तर नट हलत नव्हता आणि जास्त लावला तर साहेबांचं इंजिन जात होतं, आणि या दोहोंच्या मधे किती जागा आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

बाबा म्हणाले, रॉकेल हवं. रॉकेल म्हणजे आईचं रेशनचं रॉकेल, महिन्याचा कोटा, स्टोव्ह त्यावर चालायचा आणि महिना संपायला बारा दिवस होते. आई वरून बाटली घेऊन आली. तिने ती बाबांच्या हातात दिली नाही. स्वतःच बुचाने, म्हणजे बाटलीच्या खऱ्या बुचाने, मोजून मोजून नटाभोवती घालायला लागली. थोडं घालायची, थांबायची, मुरलं की परत थोडं. बाबा म्हणाले, "वत गो, गंगेचा पाणी घालतंस काय?" आई म्हणाली, "गंगेचं असतं तर बादलीभर ओतलं असतं." मला हसू आलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

तासभर मुरू दिलं. नट हलला नाही. दुपार झाली. पुढच्या बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती आणि बॉल दोनदा मागे आला. दुसऱ्यांदा तो मोटारसायकलच्या टाकीवर आपटला. बाबांनी तो परत फेकला नाही, खिशात घातला. पोरं कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, बाबांचं तोंड बघून गेली.

गिरणीत अडलेला सांधा कसा सोडवायचात, असं मी विचारलं. बाबा म्हणाले की सांध्यातून वाफ सोडायची. लोखंड तापलं की फुगतं, सफेदा मऊ होतो, मग गरम असतानाच पाना मारायचा. नाहीतर बाहेरून दिव्याची ज्योत धरायची. हे म्हणत त्यांनी गाडीच्या टाकीकडे बघितलं. वर पेट्रोल, खाली नटाला पाजलेलं रॉकेल. आई म्हणाली, "काडी कोणी ओढायची नाही. सांगून ठेवते." मग ती थोडा वेळ नटाकडे बघत राहिली, बाबांच्या गुडघ्याकडे बघायची तशी, आणि म्हणाली, "शेक देऊन बघू?"

बाबांचा गुडघा गिरणीपासूनच दुखरा होता आणि आई त्याला रोज शेक द्यायची. उकळत्या पाण्यात जुना टॉवेल बुडवायचा, सांडशीने काढायचा, पिळायचा, घडी करून ठेवायचा, निवला की दुसरा. तेच तिने इंजिनाला केलं. मी स्टोव्हवरून पातेलं जिन्याने खाली आणत होते, आई टॉवेल पिळत होती, बाबा नटावर हात ठेवून ऊन लागतंय का बघत होते. अजून रॉकेल जळत होतं, आता स्टोव्हमध्ये, आणि ते आईला दिसत होतं. दर खेपेला ती बाटलीकडे एक नजर टाकायची. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "काय हो वहिनी, गाडीला बाळंतपण का?" आई म्हणाली, "हो ना, अडलीय." पण तिचा आवाज हसत नव्हता.

पाचव्या की सहाव्या टॉवेलनंतर बाबांनी रिंगपाना लावला. आणि तो उलटा फिरवायला लागले. मी ओरडले, "बाबा, तिकडे आवळतं."

"ठावक आसा. आधी आवळूक होया, मगे सोडूचा."

अडलेल्याला आधी त्याच्याच बाजूने केसभर हलवायचं. कुठल्याही बाजूने का होईना, एकदा हलला की धरलेलं सुटतं. हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त त्यांची मनगटं बघत होते. धोपाटण्याने, म्हणजे कपडे धुवायच्या आमच्या लाकडी दांडक्याने, त्यांनी पान्याच्या टोकाला एक हलका ठोका दिला. मग अजून एक. मग आवाज झाला. कट्.

त्या आवाजानंतर कोणीच हललं नाही. नट सुटल्याचा आवाज आणि स्टड तुटल्याचा आवाज वेगळा असतो का, हे मला माहीत नव्हतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही माहीत नव्हतं. आईने ओला टॉवेल छातीशी धरला होता, तिचं पोलकं भिजत होतं. आज या वयात कुठे काही कट् वाजलं, दाराचं लॅच, कपाटाची किल्ली, तरी मी क्षणभर थांबते. बाबांनी पाना काढला, दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. फिरला. एक आटा, दोन आटे. तिसऱ्याला त्यांनी मान वर केली आणि सांगितलं, "स्टड जाग्यार आसा. फिरना नाय." स्टड जागेवर आहे, नटाबरोबर फिरत नाही. मग नट हातात आला, पांढऱ्या सफेद्याने माखलेला, बाळाच्या दातासारखा.

आता चकती. ती कव्हराला चारी बाजूंनी चिकटलेली आणि पकडायला नट नाही. स्क्रूड्रायव्हर कडेत घालून उचकटला तर मऊ बैठकीवर ओरखडा पडणार, आणि त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर तेल झिरपणार. बाबांनी कडेने धोपाटण्याने ठोकून पाहिलं. परत शेक दिला. चकतीची कड बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बाहेर होती, पण तेलकट. बोटं घसरत होती. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणायला सांगितला. पाण्याच्या टाकीच्या पाइपला तो त्यांनीच बांधला होता. ट्यूब चकतीभोवती दोन वेढे घट्ट गुंडाळली, टोकं धोपाटण्याला बांधली आणि दांडा फिरवला. रबराने धातू धरला. हल्ली असा पट्ट्याचा पाना दुकानात मिळतो, रबरी पट्टा आणि प्लॅस्टिकचा दांडा. मी जावयाच्या गॅरेजमधे पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याला म्हटलं, याची मूळ आवृत्ती कपडे धुवायची होती. चकती करकरली आणि फिरली. खालून काळं तेल आलं. मी जुनी अॅल्युमिनियमची थाळी धरली. मी. माझा भाऊ नव्हे.

आत फेल्टचा फिल्टर होता, नमद्याच्या जाड नळकांड्यासारखा, काळा, गाळाने बैठकीला चिकटलेला. बोटं जेमतेम आत जात होती. ओढला तर फाटेल. मी वर जाऊन आईच्या क्रोशाच्या दोन सुया आणल्या. एक एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने, खालच्या कडेला अडकवून थोडं थोडं वर घेत मी तो बाहेर काढला. काढल्यावर आधी आनंदच झाला. मग बाबांनी तो थाळीत उन्हाकडे धरला आणि नखाने त्याच्या अंगावरचं काहीतरी ओढलं.

फिल्टरच्या बाहेरच्या अंगावर सुतळीचे धागे चिकटले होते. फणीत अडकलेल्या केसांसारखे, एकमेकांत गुंतलेले. चकतीच्या कडेला भरलेली सुतळी आतल्या बाजूनेही थोडी बाहेर आली होती आणि तेलाबरोबर निघाली होती. वाफेच्या नळात असं झालं तर काही बिघडत नाही, धागा वाफेबरोबर निघून जातो. इंजिनात तो तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसला असता तर तेल थांबलं असतं, आणि तेल थांबलं की इंजिन चालता चालता जाम होतं. साहेब महिनाभर त्या गाडीवर फिरले होते. बाईंना मागे बसवून एकदा घाट चढून आले होते. फिल्टरने ते धागे धरून ठेवले होते, एवढंच.

आई म्हणाली, "धुवून परत बसवा. सुतळी टाकून द्या. जाड कागदाचा वॉशर कापू, आवळू आणि झालं. साहेबांना कशाला कळायला हवं?" ती चुकीचं बोलत नव्हती. गाडी उघडली गेली होती, काही मोडलं नव्हतं, मेकॅनिकला सोमवारी झाकण सहज निघालं असतं. मी आईच्या बाजूने होते. खुंटीवरचा शर्ट मला डोळ्यांपुढे दिसत होता.

बाबा थाळी समोर ठेवून उकिडवे बसून राहिले. पुढच्या बाजूचा आवाज कमी झाला. टीव्हीवर सिनेमा सुरू व्हायची वेळ झाली होती आणि पोरं, बायका, चुना लावणारे दोघे, सगळे ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात गेले होते. आम्ही तिघंच उरलो. आणि मग फाटकाशी रिक्षा थांबली.

"टाका ती सुतळी," आई हळू आवाजात म्हणाली. "अहो, टाका."

"मी सांगतलंय," बाबा म्हणाले. म्हणजे, सांगणार.

"सोमवार तरी होऊ दे."

"सोमवारी सांगितला तर ता सांगणा न्हय. ती नोकरी घेतल्यावरची पावती."

साहेब बॅग घेऊन मागे आले, कारण पुढे चुना ओला होता. त्यांनी गाडी पाहिली, उघडं इंजिन पाहिलं, थाळी, टॉवेल, क्रोशाच्या सुया. "हे काय, परब?"

बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, अडखळत, शुद्ध मराठीत. बूच समजलो, साहेब. आत काही असेल असं वाटलं नाही. सफेदा भरला. आज उघडलं. आणि हे आत निघालं. त्यांनी धागे बोटावर घेऊन दाखवले. साहेबांनी बॅग खाली ठेवली. त्यांना राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसावं. "मला न विचारता उघडलंत?" एवढं म्हणाले. मग, "गाडी चालती असती आणि इंजिन धरलं असतं तर, परब? बाई मागे होत्या." बाबा म्हणाले, "होय." साहेबांनी खिशातून बसची तिकिटं काढली, त्यात तो धाग्यांचा गुंता गुंडाळला, खिशात टाकला आणि किल्ली मागून घेतली. सोमवारबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

रात्री कोणी जेवलं नाही असं लिहायचा मोह होतो, पण जेवलो. पिठी आणि भात, आणि आईने बाबांच्या ताटात लोणचं वाढलं, जे ती सणाला वाढायची.

सोमवारी सकाळी बाबा इस्त्रीचे कपडे घालून फाटकाशी जाऊन उभे राहिले, डबा हातात. जावं की नाही याबद्दल आईशी त्यांचं बोलणं झालं नव्हतं. मी गॅलरीतून बघत होते. ठरलेली वेळ होऊन गेली. पंधरा मिनिटं गेली. मग साहेब एकटेच आले, गाडीशिवाय. बाबांकडे न बघता म्हणाले, "चला." दोघं चालत गेले, साहेब दोन पावलं पुढे.

पुढचं बाबांनी सांगितलेलं. कारखान्यात साहेबांनी बसच्या तिकिटांची पुडी फोरमनपुढे ठेवली आणि म्हणाले, "हे काय आहे ते यांना विचारा," आणि निघून गेले. बाबांनी परत सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा, अनोळखी माणसाला. फोरमन ऐकून हसला नाही. त्याने दोन नळ, सुतळी आणि सफेदा पुढे सरकवला. सांधा करा. बाबांनी सुतळी उकलली, मग हात थांबवून विचारलं, "साहेब, हा पुढे उघडायचा आहे की कायमचा?"

फोरमनने नळ परत आपल्याकडे ओढून घेतले आणि म्हणाला, उद्यापासून या.

सहा महिने कच्चे, मग पक्के. मला त्या प्रश्नाचा पुढे कंटाळा आला, कारण बाबा तो घरातही विचारायला लागले, बरणीचं झाकण लावताना, ट्रंक बांधताना, माझ्या लग्नाची बोलणी चालली असताना पाहुण्यांसमोर. पण हिशेबाच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढताना एखादं खातं बंद करायची वेळ आली की मीही तोच विचारत असे, मनात.

शेवटी काय दिलं आणि कोणाला: नव्या फेल्टच्या फिल्टरचे अकरा रुपये, स्पेअरपार्टच्या दुकानात, बाबांनी, डाळीच्या डब्यातून. साहेबांनी ते परत द्यायचा दोनदा प्रयत्न केला, बाबांनी घेतले नाहीत. आणि पहिल्या पगाराच्या दिवशी दोन बाटल्या रॉकेल, रेशनच्या नव्हे, बाहेरच्या दराने घेतलेलं, आईला. तिने त्या उजेडाकडे धरून पाहिल्या, एकीची पातळी बोटाने मोजली आणि म्हणाली की ही थोडी कमी आहे.